शेवटच्या ओळीतली तीन लेबलं

इस्पितळातून फोन आला तेव्हा औषध खात्याच्या निरीक्षकबाई जेवायला बसत होत्या.

"तुमच्या खात्याचं प्रकरण आहे," डॉक्टर म्हणाले. "एक बाई गुडघ्याला चोळायचं औषध दोन चमचे प्यायलीय. जिवावरचं टळलंय, पण घसा आतून भाजलाय. पुन्हा बोलता येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही."

"चुकून प्यायली?"

"मीही तेच विचारलं. तिनं कागदावर लिहून दिलं, चुकून नाही म्हणून. या तुम्ही."

निरीक्षकबाईंनी ताट झाकलं आणि त्या निघाल्या. खात्यात त्यांच्याविषयी एकच तक्रार होती, की त्यांनी एकदा डूख धरला की त्या सोडत नाहीत. वरिष्ठांना हा दुर्गुण वाटे. बाईंना तो नोकरीचाच भाग वाटत असे.

खाटेवरच्या बाईने त्यांना पाहताच उशाजवळची पेन्सिल घेतली. कागदावर तीनच शब्द लिहिले. लाल पट्टी नव्हती.

"म्हणजे काय?" निरीक्षकबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला विचारलं. तो शिंपी होता. दुकानातून उठून तसाच धावत आला होता, शर्टाला दोरे चिकटलेले होते.

"हिला खोकला होता आणि गुडघाही दुखत होता," तो म्हणाला. "दवाखान्यातून दोन बाटल्या दिल्या. दोन्ही तपकिरी, दोन्ही सारख्याच. वरची नावं कुणाला कळणार? देणारा म्हणाला, लाल पट्टी असेल ती चोळायची, नसेल ती प्यायची. हिनं तसंच केलं."

बाईंनी बाटली उजेडात धरली. लेबलावर औषधाचं अवघड नाव होतं, दवाखान्याचं नाव होतं, तारीख होती. वरच्या कडेला जिथे ठळक लाल पट्टीत 'पोटात घेऊ नये' असं लिहिलेलं असायला हवं, तिथे काहीच नव्हतं.

"हे कुणी केलं, मला नाव सांगा," शिंपी म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमचा कायदा तुमच्यापाशी राहू दे. मला फक्त नाव हवंय."

"सांगेन," बाई म्हणाल्या. असा शब्द द्यायचा नसतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण त्या कागदावरचे तीन शब्द वाचून त्यांचं डोकं तापलं होतं, त्यामुळे शब्द दिला तो दिलाच.

दवाखान्याच्या कपाटात त्या औषधाच्या आणखी बाटल्या होत्या. बाईंनी त्या टेबलावर मांडल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. काहींवर लाल पट्टी वर होती. काहींवर ती मधोमध कापली जाऊन अर्धी वर, अर्धी खाली गेली होती. काहींवर चक्क तळाला होती. आणि थोड्यांवर नव्हतीच.

"हे तुम्ही चिकटवलंत?" त्यांनी औषध देणाऱ्याला विचारलं.

"लेबलं छापखान्यातून येतात. मी नुसतं चिकटवतो."

"अर्धी कापलेली पट्टी दिसली नाही?"

"दिसली. पण छपाई थोडी इकडेतिकडे होतेच की हो."

"तुमच्याकडे मी परत येणार आहे," बाई म्हणाल्या. सगळ्या बाटल्या जप्त करून त्या छापखान्यात गेल्या.

छापखाना म्हणजे एक लांबट हॉल होता. एका अंगाला कागदाचे गठ्ठे, दुसऱ्या अंगाला छपाईची यंत्रं आणि खिडकीकडेला तीन टेबलांवर तीन संगणक. मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणत. त्यांचा दीर पॅकिंग आणि गिऱ्हाइकं सांभाळायचा, त्याला वहिनी भाऊजी म्हणत, म्हणून सगळ्या जगाचा तो भाऊजी. छपाईचे मुख्य होते काका. तोंडावर काका आणि पाठीमागे 'मिलिमीटर', कारण रेघ केसभर हलली तरी ते अख्खा गठ्ठा परत करायला लावत. आणि डिझाइन करणारा तरुण काकांचा सख्खा जावई, सासऱ्यांना तो मामा म्हणे. त्याला सगळे जावईबापू म्हणून चिडवत, आणि तो हसून घेई.

वहिनींनी बाईंना बसायलाही सांगितलं नाही. "चूक काकांची आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद राहते. लेबलाची साइज कुणी बदलून ठेवली, ते दिसतं. त्यांच्याच नावावर आहे. वय झालंय त्यांचं. मी त्यांना काढून टाकते, तुम्ही प्रकरण मिटवा."

"मिटवायला मी आलेली नाही," बाई म्हणाल्या. "ही लेबलं छापली त्या दिवशीचे ताव उरलेत का?"

उरले होते. बाईंनी एक ताव टेबलावर पसरला. स्टिकरचा ताव, एका ओळीत तीन लेबलं, खाली खाली अशा अकरा ओळी, मध्ये फट न ठेवता एकाला एक लागून कापलेल्या. पहिली ओळ बिनचूक होती. दुसरीत छपाई किंचित वर सरकली होती. तिसरीत आणखी किंचित. असं करत करत निम्म्यात लाल पट्टी दोन लेबलांत विभागली गेली होती, आणि खालच्या ओळींतली पट्टी पूर्णपणे वरच्या लेबलाच्या तळाला जाऊन बसली होती. मधल्या लेबलांना आपली गेली तरी खालच्याची मिळाली. शेवटच्या ओळीच्या खाली कुणीच नव्हतं. तिची गेली ती गेलीच.

प्रत्येक तावामागे तीन लेबलं, बिनपट्टीची.

"लेबलाची खरी उंची किती?" बाईंनी विचारलं.

"पंचवीस पॉइंट चार," काका म्हणाले. बारीक, ताठ म्हातारा, चष्मा कपाळावर. "मिलिमीटर. संगणकात पंचवीस ठेवलं गेलंय. म्हणजे दर ओळीला पॉइंट चारचा फरक. तो साठत जातो. शेवटी चार मिलिमीटर होतात. लाल पट्टी तेवढीही उंच नाही."

"आणि पंचवीस तुम्ही ठेवलंत."

"मी एक आकडासुद्धा टाइप केलेला नाही."

"नोंद तुमच्या नावावर आहे."

"मी सकाळी काय करतो ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा. काम सुरू करायच्या आधी साइजची चौकट उघडतो. आकडे वाचतो. ओके दाबतो. वर्षानुवर्षं हेच करतो. न बघता छापणं माझ्यात नाही."

"त्या दिवशी आकडा काय होता?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "सत्तर बाय पंचवीस."

"आणि तुम्हाला खटकलं नाही?"

"स्टिकरचा खोका बघा," काका म्हणाले. खोक्यावर कागदवाल्याने मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ७० बाय २५. "हे लोक खोक्यावर पॉइंट छापतच नाहीत. खोक्यावर पंचवीस आणि पडद्यावर पंचवीस पॉइंट चार, ह्याचा मला कायम राग यायचा. त्या दिवशी दोन्ही जुळले. मला वाटलं, कागदवाल्यानं माप बदललं आणि डिझाइनवाल्यांनी सुधारून घेतलं. मला बरं वाटलं हो."

"छापून बघितलं नाही?"

"ट्रायल साध्या कागदावर काढतो. स्टिकर महाग असतो. साध्या कागदाला कुठे काप असतात? छपाई स्वच्छ दिसली."

सांगता सांगता म्हाताऱ्याने खोका उलटा फिरवून ठेवला. त्याच्या काळजीपूर्वक वागण्यानेच त्याला बुडवलं होतं, आणि ते त्याला कळत होतं.

"तुमच्या संगणकावर कोण कोण बसतं?"

"हॉलमध्येच आहे. मी यंत्रापाशी गेलो की कुणीही बसतं. मी कधी बंद करत नाही."

"घरी कोण असतं?"

"बायको आणि मुलगी. मुलगी हल्ली आमच्याकडेच असते."

"का?"

"घरचं आहे बाई ते," काका म्हणाले.

भाऊजी आले ते हात झटकतच. "माझा काय संबंध? मी पॅकिंगचा माणूस."

"पॅक करताना ताव दिसले नाहीत?"

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. "दिसले," शेवटी ते म्हणाले. "मला वाटलंच, पट्टी कापली जातेय. काका तेव्हा नव्हते. मी जावईबापूला विचारलं, पाठवू का रे? तो म्हणाला, मामांनी तपासलंय म्हणजे बरोबरच असणार. मग मी कोण बोलणारा? मिलिमीटरच्या कामात बोट घातलं की काय होतं, ते मला माहितेय."

"काय होतं?"

"जीभ काय आहे त्या माणसाची! जावयाच्या एका पाकिटाची घडी चुकली. सगळ्यांसमोर म्हणाले, तुला अर्धा मिलिमीटर सांभाळता येत नाही, माझी मुलगी काय सांभाळणार? त्या आठवड्यात मुलीला घरी घेऊन गेले. पोराचा असा पाणउतारा मी कधी पाहिला नाही."

"मग तो काय म्हणाला?"

"तो? काही नाही. हसला नेहमीसारखा."

बाईंनी ते टिपून घेतलं. त्यांनी जावईबापूला बोलावलं. गोरापान, नम्र, बोलताना मान खाली. डोळे पाणावलेले.

"मामांचं चुकलं असेलही," तो म्हणाला, "पण त्यांना शिक्षा करू नका. अहो, त्यांनी मला हे काम शिकवलंय. वयाप्रमाणे नजर जाते माणसाची. एखादा आकडा टाइप करताना राहून जातो."

"भाऊजींनी तुम्हाला ताव दाखवला होता?"

"लांबून. मी लक्ष दिलं नाही. मामांनी पाहिलंय म्हटल्यावर मी काय बघणार?"

"बायको माहेरी आहे तुमची."

"तब्येत बरी नसते तिची," तो म्हणाला, आणि रुमाल काढला.

बाईंनी तिन्ही संगणक ताब्यात घेतले. आता त्यांनी एक साधी गोष्ट केली. बिघडलेल्या लेबलाची फाइल बाजूला ठेवली आणि दुसरीच एक फाइल उघडली, पत्त्यांच्या लेबलांची, जिला काकांनी बरेच दिवस हात लावलेला नव्हता. तीच फाइल त्यांनी तिन्ही ठिकाणी उघडली आणि साइजची चौकट पाहिली.

काकांच्या पडद्यावर ६४ बाय ३८. भाऊजींच्या पडद्यावर ६३.५ बाय ३८.१. जावईबापूच्या पडद्यावर ६३.५० बाय ३८.१०.

कशावरही ओके न दाबता त्यांनी चौकटी बंद केल्या आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना फोन लावला.

"फाइल एकच आहे," त्या म्हणाल्या. "आकडे तीन तऱ्हेचे कसे?"

"आकडा एकच असतो, मॅडम," पलीकडचा मुलगा म्हणाला. "मापात दशांशाची किती घरं ठेवायची, ते ज्या त्या संगणकावर निवडता येतं. एकही नको, एक, किंवा दोन. सॉफ्टवेअर टाकलं की आपोआप एक असतं. पुष्कळांना ती निवड आहे हेच माहीत नसतं."

"एकही घर नको म्हटलं, तर माप बदलतं?"

"नुसतं निवडून नाही बदलत. फक्त दिसायला पूर्ण आकडा दिसतो. पण मग साइजची चौकट उघडून कुणी ओके दाबलं, तर जो दिसतोय तोच आकडा पक्का होतो. आत पॉइंट चार असला तरी तो गेला."

"आणि ही घरं कुणी बदलली, त्याची नोंद?"

"ती नसते. साइज पक्की केल्याची नोंद असते, ओके दाबणाऱ्याच्या नावानं."

बाईंनी फोन ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या फुटपाथवर शिंपी उभा होता. बायकोपाशी बहिणीला बसवून, दवाखान्यातून छापखान्याचा पत्ता काढून तो इथे आला होता. बाईंना पाहिल्यावर त्याने हात वर केला नाही, की मान हलवली नाही. तो नुसता वाट पाहत होता.

त्यांनी सगळ्यांना काकांच्या टेबलाशी बोलावलं.

"एक छोटंसं काम आहे," त्या म्हणाल्या. "ह्या चौकटीत उंची पंचवीस पॉइंट चार करून दाखवा. भाऊजी, तुम्ही आधी."

भाऊजींनी दोन बोटांनी २५.४ टाइप केलं. चौकटीत २५ उमटलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा २५. तिसऱ्यांदा त्यांनी की-बोर्डवर बोट जोरात आपटलं. "हे खटारं बदला म्हणून मी कधीचा सांगतोय," ते वहिनींना म्हणाले.

काकांनी केलं. २५. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा केलं, आणि पडद्याकडे पाहतच राहिले. "पॉइंट घेतच नाही हा," ते पुटपुटले.

"जावईबापू."

जावईबापू खुर्चीत बसला. २५.४ टाइप केलं. २५. मान हलवली, पुन्हा केलं. २५. मग हळहळून म्हणाला, "काहीतरी बिघडलंय, बाई. मामांचा दोष नाही तर. मशीनच खराब आहे."

"तुम्हाला दुरुस्त करता येईल?"

"नाही बुवा. मला त्यातलं काय कळतं? मी डिझाइनवाला."

"बरं. आता तुमच्या मशीनवर चला."

तिथे बाईंनी पत्त्यांच्या लेबलांची चौकट उघडली. ६३.५० बाय ३८.१०.

"हे शेवटचं शून्य कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

कुणालाच काही समजलं नाही. फक्त जावईबापूचा हात रुमालाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"सॉफ्टवेअर टाकलं की दशांशाचं एक घर आपोआप मिळतं," बाई म्हणाल्या. "भाऊजींकडे तेच आहे, कारण त्यांना ती निवड कुठे आहे हेच माहीत नाही. तुमच्याकडे दोन घरं आहेत. म्हणजे ती जागा तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिथे गेलात आणि स्वतःसाठी दोन घरं निवडलीत. डिझाइनवाल्याला ते लागतंच, त्यात गुन्हा नाही. मग आत्ता काकांच्या मशीनवर तुम्ही ती जागा का उघडली नाहीत? सरळ जाऊन एक घर वाढवायचं होतं. भाऊजींसारखं दोनदा टाइप करून मशीन खराब म्हणालात. जे रोज वापरता, तेच येत नाही म्हणालात. का?"

"मला सुचलं नाही," जावईबापू म्हणाला.

"सुचलं. म्हणूनच हात लावला नाहीत." बाई काकांकडे वळल्या. "तुमच्या मशीनवर एकही घर नको, असं कुणीतरी निवडून ठेवलं. त्यानं तेवढंच केलं. साइजला तो शिवलाही नाही, म्हणून त्याचं नाव कुठेच आलं नाही. त्याला माहीत होतं, की सकाळी तुम्ही चौकट उघडणार, आकडा वाचणार, खोक्याशी ताडून बघणार, आणि स्वतःच्या बोटानं ओके दाबणार. निष्काळजी माणसावर हा डाव चाललाच नसता, कारण त्यानं चौकट उघडलीच नसती. हा डाव बेतून फक्त तुमच्यासाठी शिवलेला होता."

"काकांनीच केलं नसेल कशावरून?" वहिनी म्हणाल्या. काकांना काढून प्रकरण मिटवायचं ठरवल्यावर दुसऱ्याचं नाव निघालेलं त्यांना परवडणारं नव्हतं.

"स्वतःचंच नाव नोंदीत येईल असा डाव कुणी स्वतःवर टाकत नाही. आणि दुसरं असं. भाऊजींनी ताव कुणाला दाखवला? ज्यानं रोज अर्ध्या मिलिमीटरवरून बोलणी खाल्ली, त्याला चार मिलिमीटर लांबून दिसले नाहीत? तो म्हणाला, मामांनी तपासलंय म्हणजे बरोबर. तेव्हा नको म्हणाला असता, तर ताव इथेच फाडले गेले असते. काकांची फजिती झाली असती आणि गोष्ट संपली असती. पण त्याला फजिती पुरेशी वाटली नाही."

मग जावईबापू हसला, आणि ते त्याचं नेहमीचं हसू नव्हतं.

"अर्धा मिलिमीटर," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. माझी बायको त्या एका वाक्यावर उचलून नेली ह्यांनी. मी म्हटलं, तुम्हाला अर्ध्याहूनही कमी देतो. बघू, सांभाळता येतं का. मला ह्यांना बाहेर काढलेलं बघायचं होतं. दारातून, सामानासकट. लोकांनी मिलिमीटर म्हणून हसलेलं बघायचं होतं. बाटलीत काय आहे, कोण पिणार, ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पट्टीवर काय लिहिलंय ते तूच लिहिलं होतंस," काका म्हणाले. "डिझाइन तुझं आहे."



पायरीवर पाऊल वाजलं. शिंपी आत आला होता. तो दारात किती वेळ उभा होता कोण जाणे, पण नाव सांगण्याची गरज उरली नव्हती. त्याने खिशातून तपकिरी बाटली काढली. शेजारणीलाही त्याच दवाखान्यातून औषध मिळालं होतं, आणि तिच्याही लेबलावर लाल पट्टी नव्हती. त्याने बाटली जावईबापूच्या टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि झाकणात औषध ओतलं.

"घ्या," तो म्हणाला. "वर काही लिहिलेलं नाही. प्यायला हरकत नसावी."

बाईंनी ती बाटली त्याच क्षणी उचलायला हवी होती. ते त्यांचं काम होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत, आणि आपण हलत नाही आहोत हे त्यांना पक्कं कळत होतं.

शिंप्याने काकांकडे पाहिलं. "तुमचा जावई आहे ना? तुम्ही सांगा, पाजू की नको?"

म्हाताऱ्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

जावईबापू खुर्चीसकट मागे सरकला, भिंतीला टेकला. दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. मान जोरजोरात हलवत होता. औषधाचा उग्र वास हॉलभर पसरला.

तेव्हा कुठे बाई पुढे झाल्या आणि त्यांनी झाकण शिंप्याच्या हातातून काढून घेतलं. त्याने ते सहज दिलं.

"मी पाजणार नव्हतो," तो म्हणाला. "मला एवढंच बघायचं होतं. ह्याला न वाचताच कळलं. माझ्या बायकोला पट्टीवरच विसंबावं लागत होतं."

मग तो बाहेर पडला. इस्पितळात भेटीची वेळ संपायच्या आत त्याला पोचायचं होतं.